अनुदान कुणाच्या खिशातून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ऑफ-रोडिंगवरचा लेख वाचला. अमेरिकेत सरकार रानवाटांवर गाड्या चालवायला अनुदान देते, मग आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर का देऊ नये, असा त्याचा एकूण सूर. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, बरीच वर्षे डर्ट बाइक चालवतो. इथे ज्या निधीतून हे अनुदान मिळते त्यात माझेही पैसे आहेत, त्यामुळे लेख वाचून गप्प बसवेना.

लेखात पुन्हा पुन्हा ‘सरकारी तिजोरी’ येते. कॅलिफोर्नियात तरी हा पैसा त्या अर्थाने सरकारचा नाही. १९७१ च्या कायद्याने त्यासाठी वेगळा निधी उभा केला. सार्वजनिक रस्त्यावर न चालवायच्या गाडीला स्टिकर घ्यावा लागतो, त्यासाठी दर दोन वर्षांनी ५० डॉलरहून जास्त मोजावे लागतात. राज्याच्या ऑफ-रोड उद्यानांत शिरताना प्रवेश शुल्क वेगळे. शिवाय आम्ही रानात जे पेट्रोल जाळतो, त्यावरच्या कराचा वाटा याच निधीत जातो. लिव्हरमोरजवळची टेस्ला नावाची सुमारे ३,१०० एकर जमीन गाड्या चालवण्यासाठी १९९० च्या दशकात याच पैशातून घेतली होती. स्थानिक लोक आणि पर्यावरणवादी संघटना वर्षानुवर्षे लढल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी २०२१ मध्ये तिथे गाड्या न्यायच्या नाहीत असे ठरले. निर्णय योग्यच होता, कारण ती जमीन तशीच राखण्याच्या लायकीची आहे. पण ती काढून घेताना राज्याने आमच्या निधीत जवळपास ३ कोटी डॉलर परत भरले. पैसा सर्वसामान्य करदात्याचा असता तर तो कुणाला परत केला असता?

याहून मोठी गोष्ट लेखात आलीच नाही. अनुदानाची वाटणी कायद्यातच ठरलेली आहे. निम्मी रक्कम वाटांच्या देखभालीला, २० टक्के पोलीस आणि वनरक्षकांना, ५ टक्के सुरक्षिततेच्या शिक्षणाला आणि तब्बल २५ टक्के मोडलेली जमीन पूर्ववत करायला. अनुदानाचे अर्ज मार्चमध्ये सगळ्यांसमोर येतात आणि मेच्या सुरुवातीपर्यंत कुणीही ते वाचून हरकत नोंदवू शकतो.

त्या २५ टक्क्यांचे काम मी हाताने केलेले आहे. मोहावी वाळवंटात जॉबोन कॅन्यनच्या बाजूला एका टेकडीवर बेकायदा गाड्या चढवून चढवून लोकांनी उभे चर पाडले होते. तिथल्या अधिकारी बाईंनी आमच्या हातात फावडी आणि दाताळी दिली. आधी चाकोरीची घट्ट बसलेली माती मोकळी करायची. मग हातभर खड्डा खणून त्यात क्रिओसोट या वाळवंटी झुडपाच्या वाळक्या फांद्या उभ्या रोवायच्या, झुडूप तिथेच उगवले आहे असे वाटले पाहिजे. दगड ठेवतानाही उन्हावाऱ्यात काळी पडलेली बाजू वर हवी, नाहीतर लांबून पांढरा पट्टा दिसतो. वाट दिसली की पुढचा माणूस त्याच वाटेने गाडी घालतो, म्हणून वाट दिसताच कामा नये, हे त्या आम्हाला परत परत सांगत होत्या. आमचे तास त्यांनी वहीत मांडून घेतले, कारण अर्जदाराला स्वतःचा वाटा दाखवावा लागतो आणि त्यात श्रमदान धरतात. काही आठवड्यांनी पुन्हा गेलो तर कुणीतरी त्याच फांद्या मोडून गाडी वर नेलेली. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. फांद्या पुन्हा रोवल्या.

त्याच वाळवंटात १९४२ मध्ये अमेरिकी सेनेच्या जनरल पॅटनच्या रणगाड्यांनी सराव केला, त्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. आता आपला सडा, म्हणजे कातळाचे पठार, डोळ्यांपुढे आणा. कातळावर बोटभर माती, पावसाळ्यात साचणारी डबकी, चार महिन्यांत उगवून फुलून संपणाऱ्या वनस्पती. नुसत्या माणसांच्या गर्दीने कासच्या पठाराचे काय होते ते साताऱ्याच्या लोकांना विचारा. तिथे चारचाकी घालायला अनुदान मागणाऱ्या लेखकाने दुरुस्तीचे पैसे कोण भरणार आणि ती दुरुस्ती कोण तपासणार यावर एक ओळही लिहू नये, याचा मला मनापासून राग आला. महाराष्ट्रात खाजगी किंवा आधीच उकरलेल्या जमिनीवर, जुन्या खाणीत, चालवणाऱ्यांच्याच पैशातून असे मार्ग झाले तर मी स्वागत करीन. पठारांना मात्र हात लावू नका.

आणि लेखासोबतचा तो फोटो. कोकणच्या किनाऱ्यावर लाटांत घातलेली जीप, खाली ‘थरार’. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. गावातली माणसे रात्री जागून ती घरटी राखतात. चाकाखाली घरटे चिरडते, आणि चाकोरीत पडलेल्या पिल्लाला समुद्र गाठणे अवघड होते. ओहोटीला रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. तो फोटो कुठल्या किनाऱ्यावरचा आहे आणि तिथे गाडी न्यायला परवानगी होती का, एवढा खुलासा येत्या अंकात करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
पामडेल, कॅलिफोर्निया