साहेब, नकाशात आमचा लिंबच पाडलाय

मा. शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला पालक, शाळा व्यवस्थापन समितीत पण आहे. आमच्या झेडपी शाळेला दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या, पेढे वाटले, मग नकाशा बघितला अन् डोकं धरलं. तोच डबा. व्हरांडा, रांगेत खोल्या, एकाच भिंतीला फळा अन् तोही गुरुजींच्या उंचीचा. आणि खोली बरोबर तिथं, जिथं आमचं कडुलिंबाचं झाड आहे.

आमच्याकडं तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. तिसरीचे पाढे चालू असले की चौथीनं काय करावं? समोरासमोर दोन फळे आणि खाली लेकरांचा हात पोचेल असा काळा पट्टा, याला असा किती खर्च येतो हो? शाळेची इमारतच शिकायचं साधन करायच्या 'बाला' उपक्रमात तर दाराखाली कोन, पायऱ्यांवर अंक असं कितीतरी सांगितलंय, आमच्याकडं बालाच्या नावाखाली भिंतीवर मोर आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकामागं एक खोली, मैदान, रॅम्प सगळं आहे, पण खोली आतून कशी असावी हे कोण बघणार?

माझ्या धाकट्याला वर्गात परिमिती काही केल्या कळेना. गुरुजींनी लिंबाखाली दोरी देऊन ओटा मोजायला लावला, तर पठ्ठ्यानं घरी येऊन अंगण मोजलं, गोठा मोजला, म्हैस पण मोजली. पोरगी उलट, तिला कोपरा पाहिजे, गलका झाला की ती गप्प. आता हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी असले शिक्के मारा म्हणत नाही, ते कप्पे अभ्यासकसुद्धा आता फारसे मानत नाहीत, एकच लेकरू सकाळी ऐकून शिकतं अन् दुपारी हातानं. जागा दोन्हीला पाहिजे एवढंच.

त्यात दिवाळीनंतर अर्धी लेकरं आईबापासंग ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलात परत येतात, त्यांचं राहिलेलं गुरुजी त्याच लिंबाखाली घेतात, कारण तवर खोलीतले पत्रे असे तापतात की बसवत नाही. मातीच्या छताचं माळवद परत आणा असं नाही म्हणत, १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीनं काय केलं ते आम्ही विसरलो नाही. पण सावली तर ठेवा.

खोली दहा फूट मागं सरकते, आम्ही दोरी टाकून मोजलंय, मागं शाळेचीच जागा आहे. इंजिनिअर साहेब म्हणतात नकाशा वरून आलाय, आमच्या हातात नाही. पुढच्या आठवड्यात लाईनआऊट, म्हणजे पायाची आखणी आहे, त्याच्या आधी तेवढा एक फोन करा.

आपला,
एक पालक