संत जेरोमचा चष्मा

ती. आई-बाबांना सा. न.

ऑफिसचं काम उरकून फ्लोरेन्समधल्या ओन्यिसांती चर्चमध्ये जाऊन आले. तिथे गिर्लांदायोने १४८० मध्ये रंगवलेला संत जेरोम आहे. बाबा, अगदी तुम्हीच! एका हातात लेखणी, दुसऱ्या हातावर डोकं टेकवलेलं आणि ‘आता मध्येच कोण आलं?’ असा चेहरा. मेजावरून शाईचे लाल-काळे ओघळ गेलेत. आई, तू आधी फडकं शोधलं असतंस.

बायबल लॅटिनमध्ये आणणारा हा विद्वान ४२० मध्ये बेथलेहेमला वारला. पण नुसता भाषांतरकार रंगवायचा तरी कसा? म्हणून चित्रांत बहुतेकदा त्याच्याजवळ सिंह असतो. दंतकथा अशी, की लंगडणाऱ्या सिंहाच्या पंजातला काटा जेरोमने काढला आणि सिंह मठातच राहिला. मठाचं गाढव राखायचं काम त्याच्याकडे. एकदा त्याचा डोळा लागला, व्यापाऱ्यांनी गाढव पळवलं, आणि सगळे म्हणाले, यानेच खाल्लं! शिक्षा म्हणून गाढवाची लाकडं सिंहाने वाहिली, तीही निमूटपणे. पुढे ते व्यापारी पुन्हा त्या वाटेने आले, तेव्हा पठ्ठ्याने गाढव ओळखलं आणि उंटांसकट अख्खा तांडा मठात हाकत आणला. मला काट्यापेक्षा हाच भाग आवडतो. व्हेनिसमध्ये कार्पाच्चोने सिंहाचं मठातलं आगमन रंगवलंय. साधू झगे उडवत धूम पळताहेत आणि सिंह आपला गरीब गाईसारखा उभा.

गंमत म्हणजे ही गोष्ट मुळात गेरासिमस नावाच्या दुसऱ्याच संताची. चित्रांतली जेरोमची ती कार्डिनलची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्मगुरूची, लाल टोपीही उसनीच, त्याच्या काळी असे कार्डिनल नव्हतेच.

आणि चष्मा! गिर्लांदायोने मेजाला चक्क चष्मा अडकवलाय. इटलीत चष्मे आले तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे जेरोमला जाऊन साडेआठशेहून जास्त वर्षं झाल्यावर. म्हातारपणी रात्री दिव्याच्या उजेडात हिब्रू अक्षरं लागत नाहीत, अशी तक्रार त्याने स्वतः लिहून ठेवलीय. चित्रकाराने त्याची सोय केली, मला तरी ते फार आवडलं.

बाबा, तुमची सोय कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे आहे. भिंग घेऊन ज्ञानेश्वरी वाचणं आता पुरे. मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे ढकललीत, या वेळी नको. आई, थेंबांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लाव, त्यांच्यावर सोडू नकोस. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पोचते. गोळ्यांची यादी आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
मनू