आजोबांची एडनची ट्रंक

पनवेल
१८ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

काल सतरा तारीख होती, म्हणून सकाळीच शिरढोणला जाऊन आलो. वासुदेव बळवंत फडक्यांच्या स्मारकाला हार घातला आणि थोडा वेळ तिथेच बसलो. एडनच्या, म्हणजे आजच्या येमेनमधल्या त्या बंदराच्या, तुरुंगाचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ला तिथेच गेले. शाळेत हे सांगताना गुरुजींचा गळा दाटून यायचा, आठवतं? पण अंदमान असताना एडनच का, हे आपण कधी विचारलं नाही. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं रे! १८३९च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन हेन्सने ते घेतलं, तेही मुंबईहून नेलेल्या फौजेच्या जोरावर. त्या फौजेत आपले देशी शिपाईही होते. पुढे १९३२पर्यंत तिथला कारभार मुंबईतूनच चालला. म्हणजे अरबांचं एक शहर गोऱ्यांना जिंकून देणारेही आपलेच आणि त्याच शहरात कैदेत मेलेलेही आपलेच. हे काल पहिल्यांदा नीट मनात उतरलं आणि फार लागलं.

घरी आल्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक काढली. एडनमध्ये बोटींना कोळसा-तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत ते १९४९ साली कारकून म्हणून लागले. तळाशी सुपारीच्या डबीत दोन नाणी आहेत. एक सहाव्या जॉर्जचा रुपया. एडनच्या बाजारात १९५१पर्यंत आपला रुपयाच चालायचा. दुसरा पूर्व आफ्रिकेचा शिलिंग, त्यावर सिंह आणि मागे डोंगर. सिंहाचं तोंड पार झिजलंय. आजोबा बोलताना अंगठ्याने तेच घासत बसायचे.

ते सांगायचे, बंदर रात्रंदिवस जागं असायचं. पण बोटींची ओझी उचलणारे, उत्तरेकडून आलेले यमनी मजूर. त्यांना निवडणुकीत मतच नव्हतं. ज्यांच्या घामावर बंदर उभं, तेच परके. संप उगाच होत नव्हते. सुएझचा कालवा इजिप्तच्या नासरने ताब्यात घेतल्यावर चहाच्या दुकानात कैरोचा रेडिओ लागला की माणसं हातातला कप खाली ठेवून ऐकायची. १९६३च्या ऑक्टोबरमध्ये एडनच्या उत्तरेला रदफानच्या डोंगरात इंग्रजांविरुद्ध बंड पेटलं, डिसेंबरमध्ये विमानतळावर इंग्रजांच्या हाय कमिशनरवर हातबॉम्ब पडला आणि आणीबाणी लागली.

मला सगळ्यांत जास्त राग येतो तो १९६६च्या फेब्रुवारीचा. आसपासच्या सुलतानांना आणि शेखांना इंग्रजांनीच एका संघराज्यात बांधलं, आम्ही पाठीशी आहोत म्हणून सांगितलं आणि मग लंडनहून जाहीर केलं की १९६८पर्यंत लष्करी तळ हलवतो, पुढे संरक्षणाचा करारही नाही. ज्यांनी त्यांच्या भरवशावर आपल्याच लोकांचं वैर घेतलं, त्यांना उघड्यावर टाकलं. जायलाच हवं होतं, पण असं नव्हे.

१९६७च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धात कालवा बंद झाला, बोटी थांबल्या. त्याच महिन्याच्या २० तारखेला अरब पोलीस आणि सैनिक उलटले. ज्वालामुखीच्या मुखात वसलेली क्रेटर वस्ती जवळपास दोन आठवडे इंग्रजांच्या हातात नव्हती. आजोबा ऑगस्टमध्ये ही ट्रंक घेऊन परतले. तिकडे नोव्हेंबरात स्वातंत्र्यवाल्यांचे दोन गट आपसातच लढले. सैन्य राष्ट्रीय मुक्ती आघाडीकडे गेलं आणि तीच वरचढ ठरली. तिची इंग्रजांशी जिनिव्हातली बोलणी उरकली ती अगदी शेवटच्या घटकेला. नोव्हेंबरच्या अखेरीस शेवटचे हाय कमिशनर ट्रेव्हेलियन विमानात बसले, उरलेले सैनिक हेलिकॉप्टरने जहाजांवर गेले. दिल्लीसारखा मध्यरात्रीचा सोहळा तिथे झाला नाही. १२८ वर्षांचं राज्य असं संपलं. आजोबांनी ती बातमी इथे ओटीवर रेडिओवर ऐकली. आजी सांगायची, ते उठून देवाजवळ साखर ठेवून आले आणि रात्री जेवले नाहीत.

बंड्या, तू चीफ इंजिनिअर असताना एडनवरून कितीदा गेलास. बोटीवरून तो काळा डोंगर दिसतो का रे? क्रेटर त्याच्या आतल्या बाजूला आहे. तुझ्याकडे जुने फोटो असतील तर धाड, तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात नक्की असतील. वहिनींना नमस्कार सांग. शिलिंग मी तुझ्यासाठी वेगळा ठेवलाय, मे महिन्यात येशील तेव्हा हातात घेऊन बघ.

तुझाच,
नाना