विषय : सेल नसलेल्या गाडीचे सेल बदलायला सांगितल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि. मुद्दाम लिहिलेलं नाही. आत्ता पावणेचारला तुमच्या हेल्पलाइनला केलेला सातवा फोन संपला. संपला म्हणजे तिकडून ठेवला गेला. ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीच्या झेरॉक्सवर आहे. तोंडी तो इतक्या वेळा सांगून झालाय की आता मला आधारच्या नंबरापेक्षा पाठ आहे.

मी मागवली होती ती खाचेच्या ट्रॅकवर विजेनं पळणारी खेळण्यातली रेसिंग गाडी. तुम्हाला ठाऊक असणारच, जाहिरात तुमची आहे. ‘स्केलेक्सट्रिक व्हॅनवॉल, सी-५५, हिरवी, १९६० च्या दशकातली, अस्सल, चालू स्थितीत’, किंमत १६,५०० रुपये. सोबत ट्रॅकच्या कडेचं जुनं सामान: पिटची, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात ती इमारत, प्रेक्षकांचा लहान ग्रँडस्टँड, बारा माणसं आणि गवताच्या पेंढ्या, मिळून ७,२००. कुरिअरचे ४५०. एकूण २४,१५० रुपये मी २१ एप्रिलला आगाऊ भरले.

आलेली गाडी हिरवी आहे. जाहिरातीशी जुळलं ते एवढंच.

उलटी केली तर पोटावर ‘मेड इन चायना’. तुमच्या फोटोत त्याच जागी ‘मेड इन इंग्लंड’ होतं. मी भिंग लावून वाचलं आणि मगच पैसे भरले. तुम्ही हाच धंदा करता, तेव्हा मी सांगायला नको की स्केलेक्सट्रिक काढणाऱ्या फ्रेड फ्रान्सिसनं १९५७ साली पत्र्याच्या मासेराती आणि फेरारी खाचेतून पळवल्या, पुढच्याच वर्षी त्याची मिनिमॉडेल्स कंपनी ट्राय-अँग नावानं खेळणी विकणाऱ्या लाइन्स ब्रदर्सनी घेतली, आणि १९६० मध्ये पत्रा जाऊन प्लास्टिकची बॉडी आली. त्या सुरुवातीच्या प्लास्टिकवाल्यांत लोटस होती आणि ही व्हॅनवॉल होती. कारखाना इंग्लंडात, हॅव्हंटला. चीनमध्ये हा माल व्हायला लागला तो १९९० च्या दशकात. मग तुमच्या १९६० च्या दशकातल्या गाडीला चीनचा शिक्का कुणी मारला?

बरं, शिक्का राहू द्या. गाडी ट्रॅकवर ठेवली तर खाली ओढल्यासारखी बसली. उचलून पाहिलं, मागच्या चाकांच्या पुढं चुंबक. जुन्या व्हॅनवॉलला चुंबक नसतो. स्केलेक्सट्रिकनं रुळाला धरून ठेवणारा चुंबक आणला १९८० च्या दशकाच्या शेवटी. बॉडी खोलली तर आत बंद डब्याची मोटर. जुनीला उघड्या चौकटीची मोटर असते, गुंडाळी डोळ्यांनी दिसते. आणि ड्रायव्हर! तुमच्या फोटोतल्या ड्रायव्हरच्या हेल्मेटचा रंग डाव्या बाजूला उडालेला होता. मला आलेला ड्रायव्हर नुकताच सलूनमधून उठल्यासारखा चकाचक आहे. म्हणजे फोटो एका गाडीचा, माल दुसऱ्याच गाडीचा.

गैरसमज नको म्हणून सांगतो, नवी गाडी वाईट नसते. माझ्याकडं दोन आहेत, नातवंडं आली की त्याच काढतो. पण त्या नव्या म्हणून, नव्याच्या भावात घेतल्यात. चुंबकवाली गाडी वळणावर कंट्रोलरच्या बटणावरचा अंगठा न उचलताही निघून जाते. जुनीचं मागचं अंग वळणावर फिरतं, अंगठा वेळेवर ढिला केला नाही तर गाडी सरळ भिंतीवर. तो अंगठा म्हणजेच हा सगळा खेळ आहे, आणि त्याचेच मी सोळा हजार पाचशे मोजले. १९६७ साली मामांनी सेलूला आणून दिलेल्या संचात लोटस आणि व्हॅनवॉल दोन्ही होत्या. लोटस आजही माझ्याकडं चालू आहे. व्हॅनवॉल १९७२ च्या दुष्काळात घर हलवताना कुठं गेली ते कळलं नाही. बाकी हिशेब तुम्ही करा.

बाकी सामानाचं थोडक्यात. ग्रँडस्टँडचं छप्पर दोन जागी तडकलेलं. ते एका वर्तमानपत्राच्या एका पानात गुंडाळलेलं होतं, आणि डब्यावर ‘नाजूक’ असं स्टिकर मात्र तीन जागी. बारा माणसांऐवजी सात आली. त्यांत ट्रॅकवर झेंडा दाखवणारा एक मार्शल, झेंडा नाही.

आता आजच्या फोनबद्दल. तो मला सविस्तर लिहावा लागेल, कारण तुमच्याकडं कॉल रेकॉर्ड होतात असं टेप दर वेळी सांगते, पण ते कुणी ऐकतं असं वाटत नाही.

अकरा मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली. आवाज गोड, वागणं नम्र, तिच्यावर माझा राग नाही. तिनं गाडीचं नाव विचारलं.

“व्हॅनवॉल.”

“ओके सर. भिंतीवर चालणारी ना?”

मी म्हटलं, नाही बाई, व्हॅनवॉल ही इंग्लंडची रेसिंग कंपनी होती, १९५८ साली फॉर्म्युला वनची कन्स्ट्रक्टर्सची, म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांची, पहिली चॅम्पियनशिप तिनं जिंकली. ती म्हणाली, “ओके सर. रिमोटमधले सेल बदलून बघितलेत का?”

“हिला रिमोट नसतो. सेलही नसतात.”

“मग चार्जिंग किती तास केलं होतं सर?”

मी एकतीस वर्षं आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला. हजारभर पोरांना ओहमचा नियम समजावला, त्यातले काही आज महावितरणला आहेत. म्हणून मी शांतपणे सांगितलं: ट्रॅकच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, त्यात १२ व्होल्ट डीसी येतो, गाडीच्या खालच्या गाइडला तांब्याच्या तारांच्या विणलेल्या ब्रेड असतात, त्या पट्टीला घासून करंट मोटरला देतात, आणि हातातल्या कंट्रोलरनं रेझिस्टन्स कमी-जास्त करून वेग सांभाळायचा. ती सगळं ऐकून घेत होती, की-बोर्डचा आवाजही येत होता. मला वाटलं, चला, कुणीतरी लिहून घ्यायलंय.

मग ती म्हणाली, “म्हणजे सर, ट्रॅकच्या बाहेर काढली तर गाडी चालतच नाही?”

“नाही.”

“ओके सर, हा डिफेक्ट मी नोंदवून घेते.”

साहेब, पंधरा मिनिटांत मला मेसेज आला. तक्रारीचा प्रकार: ‘उत्पादन ट्रॅकबाहेर चालत नाही.’ त्याखाली शेरा: ‘तपासले. उत्पादन सामान्य. तक्रार बंद.’ मी म्हणतोय गाडी जुनी नाही, खोटी आहे. तुम्ही तपासताय ती ट्रॅकबाहेर पळते का. आणि न बघताच तपासताय, कारण गाडी अजून माझ्यासमोर टेबलावर आहे!

मी परत फोन लावून सुपरवायझर मागितला. साहेबांनी आधी विचारलं, “परभणी म्हणजे नागपूरच्या बाजूला ना?” नाही. कुरिअर उशिरा आलं तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं, ‘रिमोट एरिया आहे सर’. रिमोट नसलेल्या गाडीचा रिमोट शोधता आणि रेल्वेचं जंक्शन असलेलं गाव तुम्हाला रिमोट वाटतं. जगात जर्मनी, भारतात परभणी अशी म्हण आहे आमच्याकडं. जर्मनीत हाच खेळ १९६३ पासून कॅरेरा नावानं चालतो, आणि परभणीत तो वसमत रोडला माझ्या गच्चीवरच्या खोलीत चालतो, आठ बाय चारच्या दोन प्लायवूडवर, मे महिन्यात, पत्र्याखाली. तेव्हा म्हण खोटी नाही.

साहेब मग म्हणाले, “काका, घरात लहान मुलं आहेत का? बहुतेक त्यांनीच आदळली असेल.” मी म्हटलं, आदळल्यानं इंग्लंडचं चायना होत नाही. ते हसले. हसले! आणि म्हणाले, “काका, वय काय तुमचं? कशाला टेन्शन घेता खेळण्याचं? नातवासाठी दोनशे रुपयांचं कूपन पाठवतो.”

कूपन आलं. ‘३ ते ८ वर्षे’ या विभागात वापरता येईल, मुदत सात दिवस.

मंडळी शेजारच्या खोलीतून म्हणाल्या, “आहो, कामून त्या पोरांशी डोकं लावायलात?” बरोबर आहे, ती पोरं पगारी आहेत. म्हणून हे तुम्हाला लिहितोय. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच मी जुने थंब-कंट्रोलर घेतले होते, कागदाच्या पिशवीत सुटे स्प्रिंगसुद्धा घालून पाठवले होते कुणीतरी. त्या माणसाला माल कळत होता. तो माणूस अजून तुमच्याकडं असेल तर ही गाडी त्याच्या हातात द्या. तो उलटी करून बघेल आणि गप्प बसेल.

माझी मागणी सरळ आहे. फोटोतली, हेल्मेटचा रंग उडालेली, इंग्लंडची गाडी तुमच्याकडं खरोखर असेल तर ती पाठवा. नसेल तर गाडीचे १६,५०० परत करा, आणि तडकलेल्या ग्रँडस्टँडचे व न आलेल्या पाच माणसांचे पैसे वेगळे. आणि जाहिरातीतला तो फोटो काढा, आजच्या आज, कारण कालपर्यंत तो तसाच होता आणि त्याखाली ‘फक्त २ शिल्लक’ असं लिहिलेलं होतं. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीच्या, त्याच एका फोटोतल्या, दोन शिल्लक!

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पहिली तक्रार करून आज तेवीस दिवस झाले, पोच नाही. ट्रॅकबाहेर न चालण्याची पोच मी धरत नाही. महिना भरला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करणार, आणि पुढं इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही. तारखेला तुम्हालाच परभणीला यावं लागेल. नागपूरला उतरू नका.

गाडी, चुंबक, मोटर आणि पोटावरचा शिक्का यांचे नऊ फोटो जोडले आहेत. शिक्क्याचा फोटो दोनदा जोडलाय, ‘मेड इन चायना’ नीट वाचता यावं म्हणून.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
वसमत रोड, परभणी

ता. क. गवताच्या पेंढ्या मात्र जुन्या आणि अस्सल निघाल्या. त्या मी तिसऱ्या वळणावर लावल्या आहेत आणि लोटस काल दोनदा त्यांत जाऊन पडली. त्या परत मागू नका.