रस्ता कधी बुडणार, ते आधी सांगा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांसी

सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी. थोडा ऊस आणि गोठ्यातल्या म्हशी, एवढाच पसारा. आमच्या तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या येतात. महाबळेश्वरपासून राधानगरीपर्यंत घाटात पडलेलं पाणी शेवटी आमच्याच शिवारातून कर्नाटकात उतरतं. २००५, २०१९ आणि २०२१ साली ते शिवारात थांबलं नाही, घरात शिरलं.

पुराचा इशाराच मिळत नाही, अशी माझी तक्रार नाही. पाऊस लागला की मोबाईलवर दिवसभर आकडे येत राहतात. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, सांगलीच्या आयर्विन पुलाची ४० आणि ४५, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण हे आकडे कोल्हापूरचे आणि सांगलीचे. कोल्हापुरात पाणी फूटभर उतरल्याची बातमी येते तेव्हा आमच्याकडे ते चढतच असतं. वरचं पाणी अजून खाली यायचं असतं आणि कृष्णेच्या फुगवट्यानं पंचगंगेची वाट अडलेली असते. अर्जुनवाड आणि कुरुंदवाडला केंद्रीय जल आयोगाची केंद्रं आहेत, पण त्यांची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. ती वाचून गल्लीतल्या माणसाला काय उमगणार? म्हणून लोक अजूनही नृसिंहवाडीच्या देवळावरून अंदाज बांधतात. दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की पाणी कुठवर आलं, ते सगळ्यांना कळतं.

माझं मुख्य म्हणणं पुढे आहे. आमच्याकडे घरात पाणी येण्याच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. ओढ्यावरचा पूल जातो, सखल भागातला डांबरी रस्ता जातो आणि गावाला वेढा पडतो. घर तेव्हा कोरडंच असतं, त्यामुळे माणसं निघत नाहीत. जनावरं हलवायची तर ट्रॅक्टर-ट्रॉली लागते, चारा लागतो, पाहुण्यांच्या गावी गोठ्यात जागा लागते, आणि सगळं गाव एकाच वेळी ट्रॉल्या शोधत असतं. गाभण म्हैस अंधारात, पावसात ट्रॉलीवर चढत नाही. ह्याला अख्खा दिवस लागतो. ‘सुरक्षित स्थळी जावे’ हा निरोप रात्री आला तर सकाळपर्यंत वाट बंद झालेली असते, मग उरते ती नाव. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटून किती जीव गेले, ते आपल्याला सांगायला नको. ती माणसं आदल्या दिवशी रस्त्यानं बाहेर पडू शकली असती का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

म्हणून नदीकाठच्या प्रत्येक गावाचा बाहेर पडायचा रस्ता कोणत्या पातळीला बंद होतो, ते मोजून घ्या. तलाठी, पोलीस पाटील आणि गावातली चार जाणती माणसं एका दिवसात तो आकडा सांगतील. जवळच्या पुलाच्या मोजपट्टीशी तो जोडा. मग इशारा असा देता येईल : ‘उद्या दुपारनंतर तुमचा रस्ता बंद होईल, जनावरं आज हलवा.’

हे अशक्य नाही. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पाणीपातळी आपोआप कळवणारी यंत्रणा आपल्याच खात्यानं बसवली आहे. ती ऐन जुलैमध्ये बंद पडू नये, एवढी देखभाल मे महिन्यातच व्हावी. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो आकडा टीव्हीवर आम्हीही पाहिला, पण आमच्या पुलाला त्यामुळे किती फूट पाणी वाढणार, ते कुणी सांगितलं नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात. मान्य. पण तलाव भरत आलेला तर काही तास आधी दिसतोच! दरवाजा उघडल्यावर बातमी देण्यापेक्षा उघडायच्या बेतात असताना द्या.

खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करण्याला आमचा विरोध आहे आणि तो राहील. तो वाद न्यायालयात, लवादात चालू दे. पण अलमट्टी आणि तिथल्याच हिप्परगी बंधाऱ्याची पातळी अन् विसर्ग तासातासाला आमच्या ग्रामपंचायतीला कळायला वादाचा निकाल लागावा लागत नाही. दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांचं पावसाळ्यात बोलणं होतंच, तेच आकडे खाली गावापर्यंत येऊ देत.

पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या मदतीचा मोठा प्रकल्प मंजूर आहे. बोगदे, कालवे व्हायला वर्षं लागतील. रस्त्यांच्या पातळीची यादी करायला त्यातला किती पैसा लागेल?

३१ मेच्या आत शिरोळ, करवीर, पलूस आणि मिरज एवढ्या चार तालुक्यांची ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून लावण्याचा आदेश आपण काढाल का? उत्तराची वाट पाहतो.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक पूरग्रस्त शेतकरी