बाबा, मी होडीत बसले

ननायमो, कॅनडा, ४ मार्च

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायचं दोनदा ठरवलं, पण दोन्ही वेळा "जेवलंस काय, थंडी किती आसा" यातच बोलणं संपलं. म्हणून लिहिते. बाबा, मी होडीत बसले. या हिवाळ्यात चारदा. आणि गेल्या रविवारी माझ्या हाताने मासा काढला.

आई, आधी तुझ्या जिवाला घोर नको. बोट शेजारच्या आजोबांची. सत्तरी उलटलीय, सगळा जन्म याच पाण्यावर गेला. इथे आत्ता पाणी सात-आठ अंशांवर आहे. त्यात पडलं तर हातपाय बघता बघता बधिर होतात, म्हणून लाइफ जॅकेट घातल्याशिवाय ते इंजिनला हात लावत नाहीत. वारा आग्नेयेकडून वाहू लागला की सरळ घरी.

मासा म्हणजे चिनूक सॅल्मन. (मुंबईच्या हॉटेलात आपल्या रावसाला इंडियन सॅल्मन म्हणून वाढतात, पण रावसाचं आणि याचं काही नातं नाही.) या किनाऱ्यावर चिनूकला 'स्प्रिंग' म्हणतात, आणि थंडीत मिळणाऱ्याला 'विंटर स्प्रिंग'. बाकीचे सॅल्मन हिवाळ्यात बहुतेक बाहेर प्रशांत महासागरात असतात. चिनूकमधले काही मात्र इथेच, आमचं व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या जॉर्जिया सामुद्रधुनीत, राहतात. ते अजून वयात आलेले नसतात, नदीची ओढ लागलेली नसते. नुसते हेरिंग नावाचे छोटे मासे खातात आणि वाढतात. नदीत शिरल्यावर सॅल्मन खाणंच सोडतो, अंगातल्या चरबीवर वर चढतो. म्हणून नदीत चढलेल्या माशापेक्षा हिवाळ्यातला हा मासा चांगला चरबीदार.

बाबा, तुम्हाला रीत सांगते. जाळं नाही, गळ. पण मासा तळाशी असतो, पंचवीस वाव खोल. तिथवर गळ पोचवायला तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा बांधून सोडतात आणि गळाची दोरी एका चिमट्याने त्या तारेला अडकवतात. गळापुढे हातभर चमकती पट्टी गरगरत जाते, लांबून वाटावं की कुणीतरी हेरिंगवर तुटून पडलंय. बोट अगदी सावकाश चालवायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि वाकलेली काठी एकदम सरळ उभी राहते. त्या क्षणी माझ्या पोटात जे झालं ते मला लिहिता येणार नाही, पण तुम्हाला ते माहीत आहे.

पहिला अठ्ठावन्न सेंटीमीटर भरला. बासष्टच्या खालचा ठेवायचा नसतो, तो पाण्याबाहेर न काढताच सोडला. गळाला उलटा काटा ठेवायला इथे बंदी आहे, त्यामुळे गळ लगेच निघतो आणि मासा फारसा जखमी होत नाही. दुसरा लागला तेव्हा मी घाई केली. दोरी गुंडाळायच्या इथल्या जुन्या पद्धतीच्या चाकाची मूठ मासा पळाला की उलटी फिरते, आणि मी ती सोडली नव्हती. बोटांच्या पेरांवर असा फटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. आजोबा म्हणाले, पळू दे त्याला, तू नुसती काठी वर धर. तीनदा तो तळाकडे गेला. चौथ्यांदा बाजूवर आडवा होऊन आला, चांदीसारखा, पाठीवर काळे ठिपके.

आई, मी पहिलं काय केलं असेल? तू पाटीतल्या सुरमईचे उघडून बघायचीस तसे कल्ले उघडून पाहिले. लालभडक. मग तोंड उघडलं. चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात, त्यावरून तो ओळखायचा. सदुसष्ट सेंटीमीटर. लगेच परवान्यावर नोंद केली, तसा नियमच आहे.

त्याच्या पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर नव्हता. म्हणजे तो हॅचरीत, माशांची पिल्लं वाढवून पाण्यात सोडतात तिथे, जन्मलेला. तिथे सोडण्याआधी बऱ्याच पिल्लांचा तो पर कापतात, आणि पुष्कळांच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची, आकडे कोरलेली तार घालतात. असा मासा मिळाला की त्याचं डोकं, कुठे आणि कधी धरला ते लिहून, सरकारी पेटीत द्यायचं. तार सापडली की मासा कोणत्या हॅचरीतला ते कळवतात. तू म्हणशील, डोकं दिलंस? सगळी चव डोक्यात असते! माझ्याही जिवावर आलं गं. पण दिलं. कळलं की कळवते. बाकीच्याची कढी केली, तू पाठवलेलं तिरफळ आणि सोलं घालून. बांगड्यासारखंच तिरफळ या तेलकट माशालाही मानवतं. वर बोटभर तेलाचा तवंग आला होता.

आता तर इथे हेरिंग अंडी घालायला किनाऱ्याला येऊ लागली आहे. बाबा, हे तुम्ही बघायला हवं होतं. एकेक मादी वीसेक हजार अंडी समुद्रगवतावर चिकटवते आणि नरांच्या वीर्याने पाणी दुधासारखं होतं, हिरवट निळं, मैलोन् मैल. वर पाखरांचा कल्लोळ, झाडांवर गरुड, आणि समुद्रसिंह रात्रभर ओरडतात, झोप लागत नाही. इथले मूळचे लोक हेमलॉक झाडाच्या फांद्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि अंड्यांनी लगडल्या की वर काढतात. ओहोटीला मी किनाऱ्यावर गेले, एक गवताची काडी उचलली, तिच्यावर साबुदाण्यासारखी अंडी, थरावर थर. आजोबांनी लांबूनच पाण्याचा रंग पाहून सांगितलं होतं, आज आली. तुम्ही तारलीचं असंच सांगायचात, दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहून.

वसंत लागला की इथे चिनूक घरी न्यायला बरीच बंधनं येतात, २०१९ पासून. फ्रेझर नदीत वसंतात चढणारे चिनूक फार कमी झालेत, आणि इथल्या ओर्का देवमाशांचं पोटही याच माशावर आहे. तुम्ही जून-जुलैच्या बंदीत होडी वर घेता आणि नारळी पौर्णिमेपर्यंत थांबता, तसंच. पिल्लंही अडकतील अशा बारीक आसाच्या जाळ्यांवरून तुम्ही किती भांडलात. तुमचं बरोबर होतं बाबा.

आता मुख्य गोष्ट. मी नऊ वर्षांची होते. दादाला घेऊन निघालात, मी पाण्यात गुडघाभर आले होते. "चेडवान होडयेत बसूचा नाय," म्हणालात. रागाने नाही, सगळे म्हणायचे तसं. मी आईबरोबर बाजारात गेले, पाटीमागे बसले, आणि नंतर कधी विचारलं नाही. रविवारी तो मासा हातात असताना मला तुमची इतकी आठवण आली की आजोबांना वाटलं, बोटं दुखतात म्हणून रडतेय.

दादा सांगत होता, गुडघ्यामुळे होडी विकायचं चाललंय. विका, हट्ट करणार नाही. पण डिसेंबरपर्यंत थांबा. मी येते आहे, वीस दिवस. तुम्ही नुसते बसा आणि सांगा, इंजिन दादा बघेल, जाळं मी ओढेन. किल्ल्याच्या पलीकडे नको, इथल्या इथे चालेल.

आणि आई, तूही चल. चाळीस वर्षं बाबांनी आणलेला मासा विकलास, आणि एकदाही त्या होडीत बसली नाहीस.

तुमची,
बाय