सही करण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की नेव्हीत भरती करून घेणाऱ्या रिक्रूटरशी बोलायचं ठरवलं आहेस, आणि मी गप्प झाले. बाबांना वाटलं मी रागावले. तसं नाही गं. आपल्या व्हर्जिनियातला नॉरफोकचा तळ म्हणजे अमेरिकन नौदलाचा, जगातला सगळ्यात मोठा नाविक तळ. त्याच्या शेजारी इतकी वर्षं राहून, शेजारपाजारच्या खलाशांच्या मुलांबरोबर तुम्हाला वाढवून मी नौदलाबद्दल मनात अढी कशी ठेवीन? कॉलेजच्या कर्जाची तुला किती धास्ती वाटते तेही मला दिसतं. बोल, जरूर बोल. पण बोलणं आणि सही यांच्यात अंतर ठेव, एवढ्यासाठी हे पत्र. फोनवर तू "हो गं आई" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो.

मी पोर्ट्समथहून नॉरफोकला रोज नदीखालच्या बोगद्यातून कामाला जाते, आणि कराराचं मला जे काही कळतं ते त्या बोगद्यामुळे. असे बोगदे दोन: डाउनटाउन टनेल 1952 चा, मिडटाउन 1962 चा. त्यांचे जुने टोल केव्हाच बंद झाले होते. मग मिडटाउनला दुसरी नळी, म्हणजे शेजारी आणखी एक बोगदा हवा म्हणून राज्याने एका खासगी कंपनीशी 58 वर्षांचा करार केला. नवी नळी 2016 मध्ये सुरू झाली, टोल मात्र 1 फेब्रुवारी 2014 पासूनच! सुरुवातीला गाडीमागे 75 सेंट, गर्दीच्या वेळी एक डॉलर. कोणाला फारसं जड वाटलं नाही. पण करारात लिहिलं होतं की टोल दर वर्षी साडेतीन टक्के वाढवता येईल, आणि महागाई त्याहून जास्त असेल तर तितका. साडेतीन टक्के कानाला अगदी किरकोळ लागतात. मांडून बघ, वीस वर्षांत रक्कम दुप्पट होते. इथे तर त्याच्या आधीच दुपटीच्या वर गेली. करार 2070 पर्यंत आहे. तेव्हा तू साठी ओलांडलेली असशील.

लोक कोर्टात गेले. 2013 मध्ये पोर्ट्समथच्या न्यायाधीशांनी टोल घटनाबाह्य ठरवला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: टोल हा कर नव्हे, वापराचं शुल्क आहे. टोलनाका असा नाहीच, हे तुला माहीत आहे. कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, गाडीत ई-झेडपास, म्हणजे टोल आपोआप कापणारं यंत्र, नसेल तर बिल घरी येतं, ते राहिलं की दंड चढतो. तुटपुंज्या पगारावर रोज नदी ओलांडणाऱ्या माणसांच्या नावावर हजारो डॉलरची थकबाकी साचल्याच्या बातम्या आपण इथेच वाचल्या. कमी उत्पन्नाच्या लोकांना सवलत मिळाली ती नंतर. बोगदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. जुन्या मिडटाउनमध्ये एकाच नळीत समोरासमोर गाड्या असायच्या, माझा जीव मुठीत असायचा. आता तसं होत नाही. पण सही करताना टेबलाशी बसलेली माणसं वेगळी, आणि रोज सकाळी पैसे भरणारी वेगळी.

तुझ्या बाबतीत दोन्ही तूच आहेस. म्हणून नीट ऐक.

रिक्रूटर बहुधा चांगला माणूस असेल. तुझ्याहून थोडा मोठा, हसतमुख, मनापासून बोलणारा. पण त्याला दर महिन्याला इतकी माणसं आणायची असं लक्ष्य असतं, आणि 2023 मध्ये नौदलाचं एकूण लक्ष्य अपुरं राहिलं होतं. ते ओझं त्याच्या डोक्यावर आहे, त्यात तुझा दोष नाही. तो तोंडी जे सांगेल ते कागदावर नसेल तर झालंच नाही असं समज. भरतीच्या कराराला डीडी फॉर्म 4 म्हणतात. कोणतं काम, कोणतं प्रशिक्षण, किती बोनस, हे सगळं त्याच्या जोडपत्रांत तुझ्या नावाने लिहिलेलं हवं. काम ठरवून लिहिलं नसेल तर त्यांना गरज असेल तिथे तुला लावतील. त्याच फॉर्ममध्ये असंही आहे की पगार, भत्ते, सवलती यांचे कायदे पुढे न कळवता बदलू शकतात आणि ते बदल तुला लागू होतील. हे कलम शांतपणे दोनदा वाच. आणि "चारच वर्षं" असं कोणी म्हणालं, तर लक्षात ठेव की पहिल्या भरतीची एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. चार वर्षांनी घरी आलीस तरी उरलेला काळ राखीव दलात नाव राहतं, आणि बोलावणं येऊ शकतं.

फीचा प्रश्न आहे म्हणून हेही विचार: आत्ता कॉलेज सोडून साधी खलाशी म्हणून भरती होणं हा एकच रस्ता नाही. पदवी पूर्ण करून अधिकारी म्हणून जाता येतं, आणि त्याचे रिक्रूटर वेगळे असतात. पहिला माणूस आपणहून दुसऱ्याकडे पाठवेलच असं नाही, तेव्हा तूच विचार. जीआय बिल, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणारा कायदा, त्याखाली सरकारी विद्यापीठाची पूर्ण फी मिळायला 36 महिने सक्रिय सेवा लागते, आणि सेवेचा शेवटही सन्मानाने व्हावा लागतो.

आता इन्हेलरचं. लहानपणी तुझ्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात तो निळा इन्हेलर असायचा, आठवतंय ना? तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचा त्रास झाला असेल तर भरतीत अडचण येते, त्याआधीचा असेल तर बहुधा नाही. तुझा शेवटचा झटका त्याच्या बराच आधीचा आहे, पण डॉक्टरांच्या नोंदीत काय आहे ते बघायला हवं. "हे सांगू नकोस" असं कोणी सुचवलं तर तिथून उठ. माहिती लपवून भरती होणं हा लष्करी कायद्यात गुन्हा आहे, आणि त्याचे परिणाम तुलाच भोगावे लागतील.

घाईघाईत एखाद्या कागदावर सही झालीच, तरी घाबरून जाऊ नकोस. आधी नाव नोंदवून काही महिन्यांनी प्रशिक्षणाला जायचं अशी पद्धत असते, आणि प्रत्यक्ष रवाना होईपर्यंत लेखी कळवून माघार घेता येते. त्यासाठी अटकेची धमकी देण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तू संकोची आहेस. एकदा हो म्हटलं की समोरच्याला वाईट वाटेल म्हणून मागे फिरत नाहीस.

डाउनटाउन टनेलच्या पलीकडे नौदलाचा शिपयार्ड आहे. विमानवाहू जहाज दुरुस्तीला येतं तेव्हा ते आपल्या गाड्यांच्या डोक्यावरून, नदीतून जातं. पलीकडच्या हॅम्प्टन रोड्सच्या खाडीवर तर मधल्या खोल पाण्यात पुलाऐवजी बोगदा केला, त्यामागे हाही विचार होता की युद्धात पूल पडून जहाजांची वाट अडू नये. त्या जहाजावर तू असशील, या विचाराने मला अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकही तुझ्या निर्णयात धरू नकोस.

तुझ्या औषधांची जुनी फाईल मी काढून ठेवते आणि डॉक्टरांकडून नोंदींची प्रत मागवते. रिक्रूटरची वेळ ठरली की कळव. तुला हवं असेल तर मी येईन, शेजारी बसेन, मध्ये बोलणार नाही. आणि कराराचा कोरा नमुना आधीच माग; आपण दोघी तो या शनिवारी बसून वाचू.

तुझी,
आई